वाढत्या अंगाचं

४ जानेवारी

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. एवढा वाकून नमस्कार केला म्हणजे पुढे काम सांगणार, हे तू ओळखलंच असशील.

मला मालिका मिळाली. मदतनीस म्हणून नव्हे, इस्त्री करायलाही नव्हे, तर वेशभूषा विभागाची प्रमुख म्हणून. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या मालिकांत बटणं लावली, आता माझ्या हाताखाली चार माणसं आणि एक धोबी आहे. शाळेतल्या मुलामुलींची मालिका आहे. दहा भागांचा पहिला सीझन, गोष्ट एका वर्षाची, चौदा ते सोळा वयाची अकरा मुलं. नाव सांगायला बंदी आहे आणि सेटवर शिरताना फोन दारावरच्या पेटीत टाकावा लागतो. तसंही तुला फोनवर अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू ऐकत नाहीस, म्हणून पत्र.

गणवेश तू शिवायचेस. इथल्या शिंप्यांचा नमुना पाहून दिग्दर्शिका बाई म्हणाल्या, ही मुलं शाळेत चाललेली वाटत नाहीत, बँडमध्ये वाजवायला चाललेली वाटतात. मी छातीठोकपणे सांगून टाकलं की माझ्या आत्यानं तीस वर्षं नुसते शाळेचे गणवेश शिवलेत. आता माझी लाज तुझ्या सुईच्या टोकावर आहे.

अकरा जणांची मापं सोबत आहेत, प्रत्येकाचे सहा जोड. गडद हिरव्या रंगाचं कापड वेगळं पाठवलंय. गिरणीत ह्या रंगाचं जेवढं होतं तेवढं सगळं उचललं, ते आता पुन्हा काढणार नाहीत, तेव्हा कात्री जपून.

आणि एक विनंती. मापाला माप शिव. वाढत्या अंगाचं शिवू नकोस. ही मुलं वर्षभर शाळेत बसणार नाहीयेत, आठ महिन्यांत शूटिंग संपवून घरी जाणार आहेत.

तुझी
शिडी


११ जानेवारी

चि. शिडीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. काजं करणाऱ्या बाईंनी विचारलं, प्रमुख झालं म्हणजे काय वाढतं? मी म्हटलं, बोलणी खाणं वाढतं.

मापं पाहिली. निम्म्या मुलींनी कंबर श्वास रोखून दिलेली आहे. टेप धरताना पोरींना बोलतं ठेवायचं, म्हणजे पोट आपल्या जागी येतं, हे तुला मी दहावीत शिकवलं होतं. एकेक इंच मी वाढवून धरते.

दुसरी गोष्ट. चौदा वर्षांच्या मुलीचं माप ज्या दिवशी घेतलं त्या दिवसापुरतंच खरं असतं. तीस वर्षांत एकाही आईनं मला "मापाला माप शिवा" असं सांगितलेलं नाही. सगळ्यांचं एकच, खाली चार बोटं जास्त सोडा. नमुन्याचा स्कर्ट सोबत पाठवतेय, खालच्या दुमडीत चार इंच माया ठेवलीय. तुला माया म्हणजे काय ते माहीत आहे, तुझ्या चार माणसांना सांगावं लागेल की शिवणीत आत ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात आणि ती कापायची नसते.

तुझा बाबा परवा येऊन गेला. मुलगी प्रमुख झाली म्हणून त्यानं स्वतःसाठी नवीन चपला घेतल्या. संबंध मला कळला नाही.

आत्या


२० जानेवारी

प्रिय आत्या,

नमुना सगळ्यांना आवडला. चुण्या तर अशा पडल्यात की बाईंनी त्या उघडून पुन्हा मिटून पाहिल्या. पण दिव्यांखाली तुझी ती चार इंचांची दुमड अशी जाड दिसते की स्कर्टला खाली टायर बसवल्यासारखं वाटतं. बाईंनी विचारलंच, खाली काय भरलंय? तेही सगळ्यांसमोर.

म्हणून आता विनंती करत नाही, प्रमुख म्हणून सांगते. दुमड अर्ध्या इंचाची हवी. माझ्या सेटवर ते खालून उसवलेले, रेघा पडलेले स्कर्ट मला नकोत. एकसुद्धा नको. ह्यावर वाद नको, आत्या.

रागावू नकोस. इथे सगळे घाईत आहेत. परवा एका मुलाचा आवाज फुटला. तालमीत अर्धं वाक्य पोराचं आणि अर्धं बाप्याचं निघालं. सगळे हसले, तोही हसला. तिसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा मुलगा उभा होता. त्याचे सहा जोड आता नव्यानं मोजून पाठवतेय.

शिडी


२ फेब्रुवारी

चि. शिडीस आशीर्वाद.

दोन खोकी पाठवली. मोजून घे. दुमड तू म्हणालीस तशी केली, बाहेरून पाहशील तर सपाट आहे. मुलींच्या स्कर्टांना मात्र आतून गुडघ्यापर्यंत अस्तर लावलंय. तुझे दिवे प्रखर असतील तर चुण्या अस्तराशिवाय बसायच्या नाहीत. अस्तराला कुणी हात लावू नये, एवढं माझं ऐक, बाकी सगळं मी तुझं ऐकलं.

त्या आवाज फुटलेल्या मुलाला कुणी काही गोड बोललं की नाही, ते तू लिहिलं नाहीस.

आत्या


१ मार्च

प्रिय आत्या,

धमाल उडवून दिली. पहिल्याच दिवशी अकरा मुलं हिरव्या गणवेशात वर्गात येऊन बसली आणि कॅमेरा चालवणारे काका म्हणाले, मला माझे गणिताचे मास्तर आठवले. ह्याहून मोठी शाबासकी नाही.

अस्तराची कल्पना झकास आहे, मी ती माझी म्हणून सांगितली. कपडे नवेकोरे दिसू नयेत म्हणून धोब्याकडून प्रत्येक जोड पंचवीस वेळा धुवून घेतला, उन्हात वाळवला. आता हिरवा रंग हवा तेवढा विटलाय. आठवड्याभरात मी सहा महिन्यांची शाळा करून दाखवली.

मुख्य मुलीचं काम करणारी, म्हणजे जिच्याभोवती सगळी गोष्ट फिरते, ती चौदा वर्षांची आहे. बारीक, टोकदार आणि सारखी कुठेतरी हरवणारी, म्हणून आमच्या खोलीत तिला टाचणी म्हणतात. तिनं ह्याआधी कधी कॅमेरा पाहिलेला नाही. पण रडायचं म्हटलं की ती रडत नाही, नाक ओढते आणि वहीत काहीतरी खोडते, आणि समोरचे सगळे डोळे पुसतात. मालिका चालली तर तिच्यामुळे चालेल, हे मी तुला आज लिहून देते.

एक गंमत सांगते. आमच्याकडे गोष्ट ओळीनं होत नाही. वर्ग हाताशी आहे म्हणून दहाही भागांतले वर्गातले प्रसंग आधी उरकायचे, मग जिन्यातले, मग घरातले, मग मैदानावरचे. म्हणजे टाचणी आज वर्ष संपताना निरोप घेते आणि जुलैत पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकातून आत येणार. दर पंधरा दिवसांनी मी सगळ्यांची मापं घेते, ती नोंदवही कचेरीत जाते. सगळं काट्यावर चाललंय.

शिडी


९ मार्च

चि. शिडीस आशीर्वाद.

अस्तर तुझं म्हणून सांगितलंस, चांगलं केलंस. तुझं पत्र वाचून एकच प्रश्न पडला. शेवट आधी आणि सुरुवात जुलैत, हे कपड्यांना जमेल. अंगाला जमेल का?

आत्या


१६ जुलै

प्रिय आत्या,

चार महिने पत्र नाही, त्याबद्दल कान धर. श्वास घ्यायला फुरसत नव्हती. काम उत्तम चाललंय. सगळे खूश आहेत, मीही खूश आहे.

छोटंसं काम आहे. टाचणीच्या भूमिकेसाठी आणखी सहा स्कर्ट लागतील. मैदानावर कॅमेरा खालून लावतात, त्यामुळे लांबी कमी भासते. तेव्हा अडीच इंच जास्त ठेव. माप तेच, पाच फूट एक. नुसत्या कॅमेऱ्यासाठी वाढवायचंय. रंग जुळावा म्हणून तिचा एक वापरलेला स्कर्ट सोबत पाठवतेय. हिरवं कापड तुझ्याकडे काही उरलं असेल तर पाहा, गिरणीनं हात वर केलेत.

घाई आहे. फाटकातला प्रसंग ह्या महिन्यात होता, तो आता पुढच्या महिन्यात गेलाय.

शिडी


२१ जुलै

चि. शिडीस.

कापड वीतभरही उरलेलं नाही. पण आधी ह्या स्कर्टबद्दल बोलू.

कमरेच्या पट्टीवर आतल्या बाजूला घामाच्या दोन रेघा आहेत. एक कमरेची, जुनी. दुसरी नवी, खाली, कुल्ल्याच्या हाडावर. म्हणजे मुलगी हल्ली स्कर्ट खाली ओढून घालते. हूक ताणून त्याचा दोरा सैल झालाय. मागचा भाग पुढच्यापेक्षा जास्त चोळवटलाय, म्हणजे ती पाठीला पोक काढून, गुडघे वाकवून उभी राहते. खालच्या दुमडीवर नखांचे ओरखडे आहेत. कुणीतरी ती दुमड सारखी खाली ओढतंय.

कॅमेरा खालून लावल्यानं हुकाचा दोरा सैल होत नाही. ह्या मुलीची उंची पाच फूट एक असेल तर मी शिवणकाम सोडून देते. कमीत कमी दोन इंच वाढलीय ती. आणि तू दर पंधरा दिवसांनी माप घेतेस म्हणून मला मार्चमध्ये लिहिलंस.

एक तर तू हल्ली टेप दुसऱ्याच्या हातात देऊन खुर्चीत बसतेस, प्रमुख झाल्यावर माणसं बसतात. तसं असेल तर मला वाईट वाटेल. किंवा तसं नसेल. काय आहे ते लिही.

आत्या


२६ जुलै

प्रिय आत्या,

टेप माझ्याच हातात होती. दर वेळी.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा पाऊण इंच दिसला. मी नोंदवहीत पाच फूट एक लिहिलं. मे महिन्यात दीड. तेव्हाही पाच फूट एक. परवा सव्वादोन. तो आवाज फुटलेला मुलगा आठव. निर्माते साहेबांच्या करारात कलम आहे, रूप बदललं तर भूमिका काढून घेता येते. आकडा कचेरीत गेला असता तर टाचणीला काढून टाकलं असतं. मला वाटलं होतं, मी सांभाळून घेईन. स्कर्ट खाली घाल म्हटलं, बुटांचे तळ पातळ करून दिले, मैत्रिणीचं काम करणारीला जाड तळ दिले. आणि एक दिवस मीच तिला म्हटलं, जरा वाकून उभी राहा. तेव्हापासून ती वाकूनच असते, आत्या. जेवतानाही. जेवतेही कमी. परवा तिनं मला विचारलं, दूध बंद केलं तर थांबेल का?

आता साहेबांच्या लक्षात आलंय. मैदानावरचे तुकडे पाहून ते म्हणाले, ही पोरगी दुसऱ्या भागात मैत्रिणीपेक्षा उंच आणि नवव्यात बुटकी कशी? पुढच्या आठवड्यात बैठक आहे. तिला सहाव्या भागात दुसऱ्या शाळेत धाडायचं आणि उरलेली गोष्ट मैत्रिणीवर न्यायची, असं त्यांच्या मनात आहे. माझी नोंदवही त्यांनी मागवलीय. त्यात सगळं ठीकठाक आहे, म्हणून मी वाचेन. ती नाही वाचणार.

विचारलंसच म्हणून सगळं लिहिते. माझा तो निळा स्कर्ट तुला आठवतो. सातवीला शिवलास तो दहावीपर्यंत मी घातला. दर वर्षी तू खालची दुमड उसवून सोडायचीस आणि जुन्या दुमडीच्या जागी पांढुरकी रेघ उरायची. तू मला लाडानं शिडी म्हणायचीस, ते मला आवडायचं. पण वर्गातल्या मुली त्या रेघांना पायऱ्या म्हणायच्या. एकीनं पट्टी आणून अंतर मोजलं होतं, सगळ्या बाकांवर चढून बघत होत्या. मी घरी येऊन कधी बोलले नाही. आई-बाबा बदलीच्या गावी, आणि तू रात्रंदिवस मशीनवर. काय बोलणार होते?

म्हणून तुला म्हटलं होतं, रेघा नकोत. आणि आता एका मुलीला मीच वाकायला शिकवून बसलेय.

शिडी


३० जुलै

चि. शिडीस.

पत्र दोनदा वाचलं. मग दुकान तासभर बंद ठेवलं. काजवाल्या बाईंना सांगितलं की डोकं दुखतंय.

आधी माझी कबुली घे. मी तुझं ऐकलेलं नाही. मुलींच्या प्रत्येक स्कर्टच्या अस्तराच्या आत चार इंच कापड सरळ वर नेऊन हातशिलाईनं बसवलेलं आहे. दुहेरी दुमड नाही म्हणून जाड दिसत नाही. अस्तर लावलं ते चुण्यांसाठी नव्हे, तुझ्यापासून लपवायला. तू त्याचं श्रेय घेतलंस तेव्हा मला फार हसू आलं होतं. तेव्हा नवे सहा स्कर्ट नकोत. अस्तर उसव, हवं तेवढं सोड. पण तू ते पंचवीस वेळा धुतलेस. आतलं कापड गडद राहिलं असणार. रेघ पडेल. ठसठशीत पडेल. त्याला माझ्याकडे उपाय नाही.

आता तुझा स्कर्ट. तो माझ्याकडेच आहे. वीस वर्षं दुकानात भिंतीवर टांगलेला आहे. नव्या गिऱ्हाइकांना दाखवते, बघा, एकच स्कर्ट चार वर्षं, तीन रेघा, आणि कापड अजून शाबूत. मी तो मिरवत होते. तुला तो बोचत होता हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, ही माझी चूक. पण मला त्या रेघा कशा दिसतात तेही ऐक. पहिली रेघ, तू माझ्याकडे राहायला आलीस आणि महिनाभर जेवलीच नाहीस, त्यानंतरची. दुसरी, तुला गोवर झाला होता ते वर्ष. तिसरी, तू पहिल्यांदा माझ्यापेक्षा उंच झालीस. मूल आपल्याकडे नीट वाढतंय ह्याचा दुसरा पुरावा माझ्यासारखीकडे नव्हता.

स्कर्ट पाठवतेय. बैठकीला घेऊन जा.

आणि प्रमुख म्हणून नव्हे, आत्या म्हणून सांगते. स्कर्ट मी लांब करून देईन. मुलगी आखूड करून मिळत नाही. खरा आकडा सांगून टाक.

आत्या


१२ ऑगस्ट

प्रिय आत्या,

सांगितला. सगळा सांगितला.

बैठकीला मी दोन वह्या घेऊन गेले. कचेरीची खोटी, आणि माझ्या खिशातली छोटी, जिच्यात खरे आकडे होते. तारीख, सकाळ की संध्याकाळ, अनवाणी की बुटात, सगळं. तुझ्या हाताखाली वाढलेल्या माणसाला खरं माप कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय झोप येत नाही. साहेबांनी दोन्ही शेजारी ठेवल्या आणि ओळीला ओळ लावून पाहिली. मग म्हणाले, म्हणजे तुम्ही आम्हाला चार महिने फसवलंत. मी म्हटलं, हो.

मग मी तुझा तो निळा स्कर्ट टेबलावर पसरला. लेखक नवखा आहे, लहानपणापासून दर वर्षी नवे कपडे घालणाऱ्यांपैकी. तो म्हणाला, ह्या रेघा कसल्या? दिग्दर्शिका बाईंनी स्कर्ट उचलला. त्या चांगल्याच उंच आहेत, हे मी इतके दिवस पाहत होते, पण मनात आलं नव्हतं. त्यांनी तिसऱ्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "माझ्या स्कर्टला चार होत्या. वर्षभराची गोष्ट सांगतोय ना आपण? मग ही मुलगी वर्षभरात वाढली नाही तरच ते खोटं."

पुढचं काम सातत्य पाहणाऱ्या बाईंनी केलं. कुठल्या प्रसंगात पेल्यात किती पाणी होतं, हेसुद्धा त्या लिहून ठेवतात. माझी छोटी वही आणि त्यांचं बाड शेजारी ठेवून त्या दिवसभर बसल्या. टाचणीचे एकशे चाळीस प्रसंग, त्यातले गोष्टीच्या ओळीत न बसणारे फक्त सतरा. नवव्या-दहाव्या भागातले वर्गातले नऊ पुन्हा करायचे, दुसऱ्या भागातल्या मैदानावर तिला बसवून ठेवायचं, फाटकाचा प्रसंग सरळ गोष्टीच्या शेवटी, पुढच्या वर्षाचा पहिला दिवस म्हणून टाकायचा. तीन दिवसांचं काम. तिला काढलं असतं तर सहा आठवडे वाया गेले असते. साहेबांना हे पटायला वेळ लागला नाही.

टाचणी राहिली. मी तिला आमच्या खोलीत बोलावलं, दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि सांगितलं, आता खरं माप घेते, ताठ उभी राहा. ती आधी वाकूनच उभी राहिली. मग मी माझी उंची सांगितली. पाच फूट नऊ. मग ती हसली आणि सरळ झाली. पाच फूट सव्वातीन लिहिलं, दोन्ही वह्यांत.

लेखकानं एक नवा प्रसंग लिहिलाय, सातव्या भागात. त्याबद्दल काही सांगत नाही, तू बघशीलच.

माझं काय झालं तेही लिहिते. खोटी नोंद ती खोटी नोंद. साहेबांनी कामावर ठेवलं, पण ह्या सीझनला वेशभूषा प्रमुख म्हणून माझं नाव जाणार नाही. शेवटच्या यादीत मदतनिसांत जाईल. नऊ वर्षं त्या एका ओळीची वाट पाहिली होती, त्यामुळे वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आत्या, मला पुन्हा करायला सांगितलं तर मी पहिल्या दिवशीच पाऊण इंच सांगेन, आणि तो मुलगा गेला त्या दिवशीही तोंड उघडेन.

स्कर्ट परत पाठवू का?

शिडी


१८ डिसेंबर

चि. शिडीस अनेक अनेक आशीर्वाद.

स्कर्ट तुझ्याकडेच ठेव. भिंतीवरची जागा मी रिकामी ठेवलीय. आता गिऱ्हाइकांना नुसतं तोंडी सांगते.

काल तुझा सातवा भाग पाहिला. तुझा बाबा नवीन चपला घालून आला होता, काजवाल्या बाई सुनेला घेऊन आल्या. पहिले सहा भागही मी पाहिलेत, पण त्यात मी कपडेच पाहत होते, गोष्ट बाबाला विचारून घेतली. काल मात्र गोष्टीत गुंतले. मुलगी शाळेतून येते, दप्तर टाकते आणि आईला म्हणते की मला उद्यापासून जायचं नाही, सगळ्या माझे गुडघे बघून हसतात. आई स्कर्ट मांडीवर घेते, अस्तर उसवते, आतलं गडद हिरवं कापड सोडते, हातानं सारखं करते. मुलगी रेघेकडे बघते. म्हणते, "हे दिसेल." आई म्हणते, "दिसू दे. इथपर्यंत होतीस, आता इथपर्यंत आहेस." दुसऱ्या दिवशी ती तोच स्कर्ट घालून वर्गात जाते आणि फळ्यासमोर ताठ उभी राहते. काजवाल्या बाई आणि त्यांची सून, दोघी रडल्या. बाबा उठून पाणी प्यायला गेला, तहान नव्हती त्याला.

सगळे म्हणाले, आईचं काम करणारी बाई काय छान उसवते. मी हातांकडे पाहत होते. आईचा चेहरा त्या बाईंचा होता. उसवणारे हात दुसऱ्याचे होते. दोरा आधी ओढून न पाहता मध्ये एक टाका कापायचा आणि मग दोन्हीकडे सोडत जायचं, ही पद्धत माझी आहे आणि मी ती एकाच मुलीला शिकवली. शिवाय करंगळी वर धरून उसवणारी दुसरी कुणी मी पाहिलेली नाही, सातवीपासून तुझ्या मागे लागलेय त्या करंगळीसाठी. माझेच टाके तू उसवत होतीस. मी पत्रात विचारलं असतं तरी तू सांगितलं नसतंस, म्हणून विचारलं नाही.

शेवटी नावांची यादी आली. ती फार भरभर वर जाते, तुमच्या साहेबांना सांग. तुझं नाव धोब्याच्या आणि गाडी चालवणाऱ्याच्या मध्ये होतं. मला सापडलं. मी उभी राहून वाचलं.

आत्या


९ जानेवारी

आदरणीय आत्याबाई,

सप्रेम नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही, पण माझे सहा स्कर्ट तुम्ही शिवलेत. मी टाचणी.

दुसरा सीझन ठरलाय. ताईंचं नाव ह्या वेळी सुरुवातीला, मोठ्या अक्षरांत, प्रमुख म्हणून जाणार आहे. त्या तुम्हाला हे त्यांच्या पत्रात लिहिणार होत्या, पण मी आधी लिहिलं, रागावणार असतील तर रागावू देत. आवाज फुटलेला तो मुलगा परत आलाय, वरच्या वर्गातल्या मुलाचं काम करायला. ताईंनीच त्याचं नाव सुचवलं. त्याचं माप त्या वेगळं पाठवतील.

माझं माप मी स्वतः पाठवतेय. ताईंनी टेप धरली, पण आकडा मी वाचला. कंबर चोवीस, श्वास न रोखता, आम्ही बोलत होतो. उंची पाच फूट साडेचार. अनवाणी, भिंतीला पाठ लावून.

तुम्ही भेटला नाहीत तरी एक सांगायचं होतं. मी हल्ली दूध पिते.

ह्या वेळचे स्कर्ट वाढत्या अंगाचे शिवा.

तुमची
टाचणी